दिवा आणि नोंदवही



दरवर्षी १२ मे जवळ आला की आपल्या चर्चमध्ये परिचारिकांचा सत्कार होतो. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामातील सर्व नर्सेसना वेदीसमोर बोलावले जाते. प्रत्येकीला गुलाबाचे एक फूल आणि मेणबत्ती दिली जाते. आपण टाळ्या वाजवतो, चहा घेतो आणि घरी जातो. गेल्या वर्षी हा कार्यक्रम आटोपल्यावर आपल्यापैकीच एक भगिनी माझ्या ऑफिसात आली. ती मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. तिच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. तिचे वा रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

ती म्हणाली, "फादर, फूल छान आहे, पण मला एक विचारायचंय. आमच्या वॉर्डात चौतीस खाटा आहेत. रात्रपाळीला आम्ही दोघी, त्यातली एक शिकाऊ. दर चार तासांनी प्रत्येकाचा ताप, नाडी, बीपी घ्यायचा असा नियम आहे. ते शक्यच होत नाही. पण सकाळी वही तपासतात तेव्हा सगळे रकाने भरलेले लागतात. म्हणून आम्ही भरतो. न घेतलेला बीपी लिहितो. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या कागदावर रात्री दोनला सगळं ठीक लिहिलेलं होतं आणि पहाटे ते गेले. फादर, हे पाप माझं की कुणाचं?"

मी तिला म्हणालो, "जमेल तेवढं मनापासून कर. तुझी सेवा प्रभू पाहतो. बाकी त्याच्यावर सोपव." ती "बरं, फादर" म्हणाली आणि गेली. तिने मला प्रश्न विचारला होता आणि मी तिला सांत्वन दिले होते, हे ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. सेवा करणाऱ्याने फक्त सेवा करावी, की जे चुकते आहे ते बोलूनही दाखवावे? बोलणे हा सेवेचा भाग आहे, की सेवेत आलेला अडथळा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी, जिच्या जन्मदिनी आपण ही फुले वाटतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे वळलो. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला त्यांची एकच ओळख झालेली असते: हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी दयाळू बाई. ते चित्र खोटे नाही. पण त्या बाईंच्या दुसऱ्या हातात नोंदवही होती, हे आपल्याला फारसे कुणी सांगितले नाही.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज घरात झाला. वडिलांनी मुलीला ग्रीक, लॅटिन, तत्त्वज्ञान शिकवले. गणिताची तिला विशेष ओढ होती. वयाच्या सतराव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, देव आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावतो आहे अशी जाणीव त्यांना झाली आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. आपण ज्याला पाचारण म्हणतो तेच हे. पण नर्सचे काम त्या काळी इंग्लंडमध्ये हलके मानले जाई, आणि घरच्यांचा कडाडून विरोध होता. पाचारण मिळाल्यापासून पहिली जबाबदारी हाती येईपर्यंत सोळा वर्षे गेली.

ती जबाबदारी म्हणजे १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था. तिथल्या समितीचे म्हणणे होते की कॅथलिक रुग्णांना घ्यायचे नाही. फ्लॉरेन्सबाई स्वतः कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या. तरी त्यांनी स्पष्ट सांगितले की कॅथलिकांनाच काय, यहुदी रुग्णांनाही प्रवेश मिळाला पाहिजे आणि त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना त्यांना भेटता आले पाहिजे. नाहीतर मी हे काम सोडते. समितीने मानले. कामाच्या आरंभीच त्यांनी रुग्णाच्या बाजूने तोंड उघडले होते, ही गोष्ट लक्षात ठेवू या.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ऑक्टोबर १८५४ मध्ये त्या ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या. आज हा भाग इस्तंबूल शहरात मोडतो. त्या ३८ जणींत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. त्यांतल्या पाच लंडनच्या बर्मंडसी येथील सिस्टर्स ऑफ मर्सी. त्यांच्या सुपीरियर मदर मेरी क्लेअर मूर यांच्याशी फ्लॉरेन्सबाईंचे जन्मभराचे मैत्र जुळले. आपल्यापेक्षा मदर क्लेअरच या पदाला अधिक योग्य होत्या, असे त्यांनी पुढे मदरना मनापासून लिहिले. आपण नर्सलाही 'सिस्टर' म्हणतो आणि कॉन्व्हेंटमधल्या भगिनीलाही. आजाऱ्यांची सेवा शतकानुशतके धर्मभगिनींनी सांभाळली, त्याची ही खूण आहे.

स्कुटारीला काय होते? एका प्रचंड बराकीचे रुग्णालय केले होते. खाटा कमी, चादरी नाहीत, घाण तुंबलेली, उंदीर-उवांचा सुळसुळाट. या भगिनींनी जखमा धुतल्या, कपडे धुण्याची व्यवस्था केली, नीट शिजवलेले अन्न रुग्णांच्या तोंडी लागेल असे पाहिले, मरणाऱ्यांच्या उशाशी बसल्या, त्यांची पत्रे लिहिली. दयेत काही कमी नव्हते. आणि तरीही सैनिक मरतच राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या पुढे गेले. बहुतेक जण जखमांनी मेले नाहीत. कॉलरा, हगवण आणि टायफस ज्वराने मेले.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे लोक तिथे पोहोचले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. पाणी येण्याच्या मार्गात मेलेला घोडा पडलेला सापडला. त्यांनी गटारे धुऊन काढली, कुजलेली जनावरे हलवली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

१८५६ साली फ्लॉरेन्सबाई मायदेशी परतल्या तेव्हा सारा देश त्यांची गाणी गात होता. त्या थांबल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. पण त्यांना एक प्रश्न झोपू देईना: इतके जण का मेले? सुरुवातीला त्यांचाही समज असा होता की सैनिक उपाशी, थकलेले आणि फार उशिरा रुग्णालयात आले म्हणून वाचले नाहीत. १८५७ मध्ये विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर त्या नोंदी घेऊन बसल्या. आकडे वेगळेच सांगत होते. माणसे मारली होती ती घाण पाण्याने, कोंडलेल्या हवेने, गर्दीने. म्हणजे ज्या छताखाली त्या दिवा घेऊन फिरत होत्या, तेच छत रुग्णांचा जीव घेत होते.

बंधुभगिनींनो, हे स्वीकारणे किती कठीण गेले असेल! स्वतःच्या सर्वांत मोठ्या सेवेविषयीचे हे सत्य होते. पण त्यांनी ते दडवले नाही. १८५८ साली सैन्याच्या आरोग्यावरचा त्यांचा शेकडो पानांचा अहवाल छापला गेला. मंत्री लांबलचक तक्ते वाचणार नाहीत हे ओळखून त्यांनी रंगीत आकृत्या काढल्या: टाळता आले असते अशा रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात, बाकीचे काळ्या रंगात. निळा रंग एवढा पसरला होता की वेगळे सांगावे लागत नव्हते. शांततेच्या काळातही बराकीतले तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. स्त्री असल्यामुळे सरकारी आयोगावर त्यांना जागा नव्हती; म्हणून सिडनी हर्बर्ट या मित्राला आयोगाचे प्रमुख करून त्यांनी त्याच्या हाती पुरावे दिले. हे सारे त्यांनी आजारी अंगाने, बरेचसे अंथरुणावरून केले.

आपल्या देशाशीही त्यांचा असाच संबंध आला. त्या भारतात कधी आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती गोळा करवली. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांत वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होत होते, हे १८६३ च्या अहवालातून समोर आले. दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांपुरते राहिले नाही. खेड्यांतील पाणी, गटारे, दुष्काळ, शेतकऱ्यांचे कर्ज हे त्यांचे विषय झाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी गावांच्या स्वच्छतेबाबत पत्रव्यवहार केला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांनी उभा केलेला एक प्रश्न आम्हाला अभ्यासाला होता: दया हा सद्गुण आहे का? संत थॉमस यांचे उत्तर सावध आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या पोटात कालवते, हा कळवळा केवळ भावना आहे. ती चांगली आहे, पण तेवढ्याने सद्गुण होत नाही. त्या भावनेला विवेकाची दिशा मिळते, ती न्यायाला धरून वागू लागते, तेव्हा ती दया म्हणजे सद्गुण होते. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. त्याचा अर्थ मला स्कुटारीच्या आकड्यांनी शिकवला. कळवळा रुग्णाच्या उशाशी बसतो. दया उशाशी बसते आणि पाणी कुठून येते तेही पाहते.

मग आजच्या परिचारिकेने या बाईंकडून काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, खरे पाहावे आणि खरे लिहावे. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते घरोघरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या स्त्रियांसाठी होते. त्यात निरीक्षणावर एक पूर्ण प्रकरण आहे. रुग्णाला झोप चांगली लागली का, असे ढोबळ विचारू नका. किती तास, किती वाजता जाग आली, ते विचारा, असा त्यांचा आग्रह होता. खोटी नोंद ही लहानशी लबाडी नाही. पुढच्या पाळीची सिस्टर आणि सकाळचे डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतात. रिकामा रकाना निदान खरे बोलतो: इथे कुणी पोहोचू शकले नाही. भरलेला खोटा रकाना रुग्णालाही फसवतो आणि नर्सेस कमी आहेत ही गोष्टही झाकून टाकतो.

दुसरी, आपण नसताना काय होईल याची सोय करावी. त्याच पुस्तकात त्या म्हणतात की आपण हजर असताना जे करतो ते आपल्या गैरहजेरीतही होईल अशी व्यवस्था नसेल, तर सारी शुश्रूषा वाया जाते. यावर मला दयाळू शोमरोनी आठवतो. लूककृत शुभवर्तमानातील हा दृष्टान्त आपण किती वेळा ऐकला आहे! तेल आणि द्राक्षारस आपल्या लक्षात राहतो. पण तो शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी निघताना दोन दिनार काढून देतो. वर जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगून जातो. म्हणजे त्याने हिशेब ठेवला, जबाबदारी कुणावर हे ठरवले आणि परत येऊन पाहण्याचे वचन दिले. त्याच्या कळवळ्याला विवेकाची जोड होती.

तिसरी गोष्ट, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलावे. याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातील तरुण नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही. त्यांना दयामरण द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा या परिचारिकांनी विरोध केला. २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की अरुणाच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार तिची इतकी वर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. शुश्रूषेतून बोलण्याचा अधिकार जन्माला येतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे सांगितले गेले असेल?

आता कुणी म्हणेल, "फादर, हे सगळे ठीक, पण तोंड उघडले तर नोकरी जाते." खरे आहे. नाइटिंगेलबाईंना वडील वर्षाला ५०० पौंड देत होते, मंत्री त्यांचे मित्र होते. आपल्या मुलीच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, धाकट्या भावाची फी आहे. तिने एकटीने व्यवस्थापनाला तोंड द्यावे असे मी वेदीवरून सांगितले तर तो तिच्यावर अन्याय होईल. शिवाय थोर माणसांचेही सगळेच अचूक नसते. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी ही मागणी पुढे आली तेव्हा फ्लॉरेन्सबाईंनीच तिला विरोध केला. नर्सचा सेवाभाव आणि शील परीक्षेने व नोंदणीने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते, पण परिचारिकांना कायद्याचे संरक्षण आणि मान हवा होता. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१९ मध्ये झाला.

सेवाभावाच्या नावाखाली हक्क मागे ठेवण्याची सवय आपल्यालाही आहे. नर्सला आपण देवदूत म्हणतो, आणि देवदूताला पगार, झोप, सुट्टी लागत नाही असे सोयीस्करपणे मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराबाबत शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असे त्यात म्हटले होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन एवढे मागावे लागले, यातच सर्व आले.

म्हणून त्या भगिनीच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन. न घेतलेला बीपी लिहिणे चूक आहे, आणि ते तू थांबवायला हवेस. पण ओझे तुझ्या एकटीचे नाही. चौतीस रुग्णांना दोघीच ठेवणारा आणि वर भरलेली वही मागणारा तुझ्यापेक्षा मोठा दोषी आहे. आणि हे माहीत असूनही तुला फूल देऊन घरी जाणारे आम्ही पूर्ण निर्दोष नाही. ज्याला गमावण्यासारखे कमी, त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी जास्त. आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, वकील आहेत, रुग्णालयांच्या समित्यांवर बसणारे आहेत. रुग्णाचे नातेवाईक तर आपण सगळेच कधी ना कधी असतो. बिलावर भांडणारे आपण, "रात्री या वॉर्डात नर्सेस किती?" हा प्रश्न कितीदा विचारतो?

बोलायचे कसे, हेही त्या बाईंकडून शिकावे. कुरकुर वेगळी आणि साक्ष वेगळी. कुरकुर स्वतःचे मन हलके करण्यासाठी असते. साक्ष रुग्णासाठी असते, ती तारीख-वार लिहिलेली असते, आणि ज्याला बदल करता येईल त्याच्याकडे आधी जाते. एकटीने नाही, चौघींनी मिळून सही करून दिलेला कागद नाकारणे कठीण जाते.

ता. क. म्हणून माझी आणखी एक कबुली. त्या पुस्तकात भेटायला येणाऱ्यांवरही एक प्रकरण आहे. "काही नाही, लवकर बरे व्हाल" अशी पोकळ आशा देणाऱ्यांचा रुग्णांना किती त्रास होतो, ते त्यात सांगितले आहे. रुग्णाभ्यंग द्यायला जाताना मी हेच वाक्य किती वर्षे म्हणत आलो! आता मी आधी ऐकायचे ठरवले आहे. आपणही दवाखान्यात जाल तेव्हा दहा जणांनी मिळून जाऊ नका, मोठ्याने बोलू नका, आणि रुग्णाला बोलू द्या.

त्या भगिनीला मी पुन्हा भेटलो आणि माझे गेल्या वर्षीचे उत्तर अपुरे होते असे सांगितले. ती हसून म्हणाली, "फादर, निदान आठवण ठेवलीत." यंदा दुसऱ्या मिस्सानंतर फुले असतील, चहाही असेल. पण त्याआधी अर्धा तास आपण सर्व जण खाली बसू आणि आपल्या परिचारिका बोलतील. डॉक्टर, वकील आणि रुग्णालयांशी संबंधित बंधुभगिनींनी त्या दिवशी आवर्जून थांबावे, ही माझी विनंती. वही-पेन घेऊन यावे.

हे प्रभो, आजाऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्या आमच्या भगिनींना बळ दे, त्यांना खरे बोलण्याचे धैर्य दे, आणि त्या बोलतील तेव्हा आम्हाला ऐकण्याचे कान दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू